केडगावच्या माळावर हजारो लेकींची आई झालेल्या पंडिता रमाबाई

केडगाव (ता. दौंड) : पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव स्टेशनला उतरलं की कुणालाही मुक्ती मिशन विचारा, लहान पोरसुद्धा रस्ता दाखवतं. सव्वाशे वर्षांपूर्वी इथं माळ होता. त्या माळावर ज्या बाईने विहिरी खणल्या, झाडं लावली आणि दुष्काळात सापडलेल्या मुली आणून वाढवल्या, त्या पंडिता रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी इथंच वारल्या.

नाव सगळ्यांना माहीत आहे. पोस्टाच्या तिकिटावर फोटो आला, शाळेच्या पुस्तकात धडा आला. पण या बाई मूळच्या आपल्या भागातल्या नव्हेत आणि सुखाने इथं आल्या नव्हत्या, हे फार जणांना ठाऊक नसतं.

जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या घाटात गंगामूळ नावाच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष त्यांनी ओढवून घेतला होता. घरी जमीन होती, पण आल्यागेल्याला आणि विद्यार्थ्यांना जेवू घालण्यात ती कर्जापायी गेली. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते कायमचंच. बाळाला वेताच्या पेटाऱ्यात घालून माणसाच्या डोक्यावरून नेलं, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्या दक्षिणेवर जगायचं. आईने रमेला पहाटे उठवून श्लोक पाठ करून घेतले.

मग दुष्काळ आला. पुराण सांगून पोट भरेना. मोलमजुरी करायची सवय नाही आणि मागायची लाज. रानातली फळं आणि पाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईला उचलायला माणसं मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले. भाऊ तिसरा आणि चौथी रमा. उंची कमी म्हणून खांदा पुरेना, तेव्हा तिरडीचं टोक तिने डोक्यावर घेतलं. सोळा-सतरा वर्षांची पोर. दुष्काळ कसा असतो हे या बाईला कुणी सांगायची गरज पुढे कधीच पडली नाही.

उरले बहीण-भाऊ. पायी हजारो मैल फिरले. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हतं म्हणून वाळूत खड्डे करून, अंगावर कोरडी वाळू ओढून झोपले. १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या पंडितांनी या मुलीची विद्या पाहून तिला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. दोन वर्षांत भाऊही गेला. त्याच साली, १८८० मध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. वेगळ्या जातीचा नवरा, वेगळा प्रांत. मुलगी झाली, मनोरमा. ती वर्षाची व्हायच्या आत कॉलऱ्याने नवरा गेला. वय तेवीस.

१८८२ ला त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, बायकांच्या शिक्षणासाठी हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. पुढल्या वर्षी डॉक्टरी शिकायला इंग्लंडला गेल्या. पण कान अधू होते, त्यामुळे डॉक्टरकी राहूनच गेली.

इंग्लंडात वाँटेज गावी त्या जोगिणींच्या मठात राहत होत्या. या जोगिणींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅमला नेलं. समाजाने टाकलेल्या, वाट चुकलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या बायकांना तिथं सांभाळलं जात होतं. अशा बायकांना जवळ करायचं असतं, हे रमाबाईंनी तिथं पहिल्यांदा डोळ्याने पाहिलं. हे लोक असं का वागतात, असा प्रश्न त्यांना पडला. उत्तरादाखल येशू आणि शोमरोनी बाईची विहिरीवरची गोष्ट वाचायला मिळाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात गहजब झाला. एवढी विद्वान बाई धर्म सोडते म्हणजे काय? पण ज्यांनी बाप्तिस्मा दिला त्यांचंही बाईंनी मुकाट ऐकलं नाही, हे कमी सांगितलं जातं. क्रुसावर लॅटिन कशाला, संस्कृत का नको, असा वाद त्यांनी घातला. चर्चचे अधिकारी सांगतील ते डोळे मिटून मानायला नकार दिला. शाकाहार आयुष्यभर सोडला नाही, साधं पांढरं लुगडं सोडलं नाही. धर्म बदलला, देश नाही.

पुढे अमेरिकेत त्यांनी पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली. तिथल्या लोकांनी दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि वर्ष-दीड वर्षात पुण्यात आलं. बालविधवांची ही शाळा. स्वयंपाक वेगळा, सोवळं-ओवळं जिचं तिने पाळावं, अशी मोकळीक होती. महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई इथल्याच सुरुवातीच्या विद्यार्थिनी.

अडचण प्रार्थनेवरून आली. बाई आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार लावायच्या नाहीत. काही मुली येऊन बसू लागल्या. १८९३ ला ओरड झाली, केसरीने झोडपलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. विश्वासाने मुली ठेवणाऱ्या पालकांची धास्ती खोटी नव्हती. आणि स्वतःच्या खोलीचं दार लावून घ्यायला नकार देणाऱ्या बाईंचंही म्हणणं होतंच. हा वाद आजही पूर्ण मिटलेला नाही.

अमेरिकेची मदत १८९८ ला संपणार होती. पुढे काय? बाईंनी शेतकऱ्यासारखा विचार केला. केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली, फळबाग लावायची आणि तिच्या उत्पन्नावर शाळा चालवायची असं ठरवलं. विहिरी खणल्या. बाग म्हणजे काही महिन्याभराचं पीक नव्हे, झाडं फळाला येईपर्यंत धीर धरावा लागतो.

तेवढ्यात १८९६ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातून बातम्या यायला लागल्या. बाई स्वतः तिकडे गेल्या. सरकारी अन्नछत्रांत पोरींचे काय हाल होतात, त्यांना फसवून कोण नेतं, हे पाहिलं. स्वतःची वीस वर्षांपूर्वीची दशा डोळ्यापुढे आली असणारच. हाडांचा सापळा झालेल्या, अंगावर फोड आलेल्या पोरी त्यांनी आणायला सुरुवात केली. तीनशेच्या आसपास झाल्या.

पण पुण्यात प्लेग होता. नवी माणसं ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. मग सगळ्यांना घेऊन त्या केडगावच्या शेतावर आल्या. आधी तंबू आणि छपरं, मग इमारती. प्लेगच्या दवाखान्यात बायकांना कसं वागवलं जातं याबद्दल त्यांनी १८९७ मध्ये बॉम्बे गार्डियनमध्ये उघड पत्र लिहिलं. गोऱ्यांचा धर्म घेतला म्हणून गोऱ्या सरकारची भीड त्यांनी ठेवली नाही.

या वस्तीचं नाव मुक्ती. १९०० साली गुजरातकडे दुष्काळ पडला, तिकडूनही मुली आल्या आणि आकडा दोन हजारांच्या घरात गेला. आजच्या हिशेबाने विचार करा, दोन हजार माणसांचं दोन वेळचं जेवण, पाणी, कपडा, औषध. ठरलेली मदत कुणाची नाही. देणग्या येतील तशा खर्चायच्या.

म्हणून इथं प्रार्थना आणि काम वेगळं काढता यायचं नाही. पहाटे उठायचं, प्रार्थना, मग प्रत्येकीला नेमलेलं काम. कुणी शेतावर, कुणी मागावर, कुणी गाईगुरांकडे, तेलाच्या घाण्यावर, शिवणात. शाळा सगळ्यांना. ज्यांच्यावर अत्याचार झाले होते अशा बायकांसाठी कृपा सदन हे वेगळं घर. फुलहॅमला पाहिलेलं त्यांनी इथल्या मातीत उभं केलं. आंधळ्या मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेलवर वाचायला शिकवलं. एका पंगतीत सगळ्या जातींच्या मुली जेवायच्या. त्या काळात आपल्या गावांत हे कुठं होत होतं?

शेवटची अठरा-एक वर्षं बाईंनी आणखी एक काम अंगावर घेतलं. मराठी बायबल संस्कृत शब्दांनी जड झालंय, खेड्यातल्या बाईला ते कळत नाही, असं त्यांचं मत. स्वतः संस्कृतच्या पंडिता, पण शब्द निवडायचे ते चुलीपुढच्या बाईला समजतील असे. त्यासाठी साठीकडे झुकताना हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ ग्रंथावरून भाषांतर केलं. छापखाना मुक्तीतलाच. खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या आणि बांधणी करणाऱ्या बायकाच.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. काम पुढे तीच सांभाळणार होती. बाई खचल्या असतील, पण प्रुफं तपासणं थांबलं नाही. शेवटची प्रुफं हातावेगळी झाली आणि थोड्याच दिवसांत त्यांनी देह ठेवला. पूर्ण बायबल १९२४ साली छापून बाहेर पडलं. ते पाहायला आई नव्हती आणि लेकही नव्हती. छापखान्यातल्या मुलींनीच ते पुरं केलं.