बालवाडी अंगणात नेणाऱ्या ताराबाई

तुमच्या गावात अंगणवाडी आहे ना? मग ताराबाई मोडक हे नाव तुम्हाला ठाऊक असायला हवे.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईतला. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. त्या काळी बाईमाणसाने एवढे शिकणे विरळाच. पुढे भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला. माँटेसोरी पद्धत चांगली, पण तिची साधने महाग. मग खेड्यातल्या पोरांनी काय करायचे? हा प्रश्न ताराबाईंनी धरून ठेवला.

१९४५ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी बोर्डीला (आताचा पालघर जिल्हा) काम सुरू केले. सोबतीला अनुताई वाघ. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. आधी मुलांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. बिया, खडे, शिंपले, पानेफुले हीच साधने, खर्च शून्य. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली आदिवासी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाही कुरणात गेली.

आता मुद्द्याची गोष्ट. या पद्धतीत ताई घोकून घेत बसत नाही. मुलाशेजारी बसते. समोर बिया मांडून मोठी कोणती, लहान कोणती, कुठल्या झाडाची, असे विचारते आणि मूल बोलेपर्यंत थांबते. उत्तर घरच्या बोलीत आले तरी त्याला हसत नाही. मूल बोलते झाले की पुढचे शिकणे सोपे जाते.

१९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला.

तेव्हा सरपंच, ग्रामसेवक मंडळी, खाऊ वाटला की अंगणवाडीचे काम संपले असे समजू नका. एकदा तिथे तासभर बसा. ताई किती बोलते आणि पोरे किती बोलतात, एवढेच बघा. आणि आईबापांनो, चार वर्षांच्या पोराला पाटी भरून आणायला लावू नका. शेतावर नेलेत तर त्याला चार प्रश्न विचारा, आणि उत्तराला वेळ द्या.