रिता पाळणा

‘फ्रँकेन्स्टाईन’ हे नाव ज्याच्या कानावरून गेले नाही असा विद्यार्थी विरळाच. चित्रपटांनी या नावाचा इतका बोभाटा केला आहे की पुष्कळांना ते राक्षसाचेच नाव वाटते. वस्तुतः ते त्याला घडविणाऱ्या तरुण शास्त्रज्ञाचे नाव; त्या बिचाऱ्या राक्षसाला कादंबरीभर नावच मिळत नाही. ही कादंबरी लिहावयास घेतली तेव्हा लेखिका अवघी अठरा वर्षांची होती, हे इंग्रजी साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांना ठाऊक असते. परंतु त्याच्या सव्वा वर्ष आधी तिच्या पोटची पहिली मुलगी नाव ठेवण्यापूर्वीच गेली होती, हे फारसे कोणी सांगत नाही. मेरी शेलीची हकीकत बहुधा तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे कवी शेलीच्या, चरित्रातील एक प्रकरण म्हणून येते. येथे ती एका आईची हकीकत म्हणून सांगावयाची आहे.

मेरीचा जन्म लंडनमध्ये ३० ऑगस्ट १७९७ रोजी झाला. वडील विल्यम गॉडविन हे त्या काळचे नाणावलेले विचारवंत. आई मेरी वुलस्टनक्राफ्ट. स्त्रियांच्या हक्कांचा कैवार घेणारा तिचा ग्रंथ १७९२ साली निघाला होता. बाळंतपणात वार पडली नाही, म्हणून डॉक्टरांनी हात घालून ती तुकड्यातुकड्यांनी काढली. हात स्वच्छ धुवावेत एवढी साधी गोष्टही त्या काळच्या वैद्यकाला उमगलेली नव्हती. बाळंतज्वराने ग्रासून ती थोर स्त्री १० सप्टेंबरला गेली. म्हणजे मेरी जगात आली ती आईच्या मरणाचे निमित्त होऊन. आईच्या थडग्यावरील अक्षरे गिरवून ती लिहा-वाचावयास शिकली असे सांगतात. १८०१ मध्ये गॉडविनने दुसरे लग्न केले. सावत्र आईशी मेरीचे कधीच जमले नाही. तिला मायेची जागा एकच होती, ती म्हणजे सेंट पँक्रसच्या स्मशानातील ते थडगे.

पर्सी शेलीची आणि तिची जवळीक वाढली तीही त्याच स्मशानात. शेली विवाहित होता, त्याची पत्नी हॅरिएट गरोदर होती. तरीही २८ जुलै १८१४ च्या पहाटे सोळा वर्षांची मेरी त्याच्याबरोबर घरातून निघून गेली. तिची सावत्र बहीण क्लेअर हीही सोबत होती. विवाहसंस्थेवर टीकास्त्र सोडणाऱ्या गॉडविनने मुलीला घराचा दरवाजा बंद केला. मात्र शेलीकडून पैसे घेणे त्याने बंद केले नाही! विचारवंतांच्या घरी अशा गंमती घडतात.

लंडनला परतल्यावर भाड्याच्या खोल्या, सावकारांचा ससेमिरा, नातलगांचा बहिष्कार अशा दिवसांत मेरीला पहिले मूल झाले. तारीख २२ फेब्रुवारी १८१५. सात महिनेही पुरे भरले नव्हते. डॉक्टर पोहोचण्यापूर्वी पाच मिनिटे मुलगी जन्मली, आणि ती जगेल अशी आशा कोणी धरली नाही. पण मुलगी तग धरू लागली. मेरी तिला अंगावर पाजू लागली. २ मार्चला बिऱ्हाड बदलावे लागले, तेव्हा आठवड्याच्या त्या जिवाला घेऊन सतरा वर्षांची बाळंतीण नव्या जागी एकटीच पुढे गेली; शेली आणि क्लेअर मागाहून काही तासांनी आले. ५ मार्चच्या रात्री मेरी पाजण्यासाठी उठली. मूल इतके शांत दिसले की त्याची झोपमोड करणे तिच्या जिवावर आले. सकाळी कळले, ती झोप नव्हती.

त्या दिवशी तिने शेलीच्या मित्राला, हॉगला, चिठ्ठी लिहून बोलावून घेतले. शेली घरातच होता. पण छातीत दूध साठून हिला ताप भरेल की काय, या धास्तीने तोच गांगरला होता. धीर देईल असे माणूस तिला बाहेरून बोलवावे लागले. मूल गेले तरी पान्हा थांबत नाही, हे शरीराचे क्रौर्य तिने आपल्या चिठ्ठीत जवळजवळ सहज लिहून ठेवले आहे.

मेरीची रोजनिशी उपलब्ध आहे. त्या मार्च महिन्याची पाने वाचताना मन विषण्ण होते, ते त्यांतील आक्रोशाने नव्हे. आक्रोश तेथे नाहीच. कोणते पुस्तक वाचले, कोण भेटावयास आले, अशा कोरड्या नोंदी आहेत, आणि मधूनच एखादी ओळ मुलीविषयी. एके दिवशी ती विणकाम करीत घरी बसली आणि मुलीचाच विचार करीत राहिली. हा वेडेपणा आहे असे तिने स्वतःलाच बजावले. पण पुस्तक हातातून ठेवले की मन पुन्हा तेथेच जाते, हेही कबूल केले. मुलगी जाऊन आठवडाच झाला होता, आणि दुःख करणे हा वेडेपणा आहे असे या मुलीला वाटत होते! तसे तिला तोंडाने कोणी सांगितले नसेल. पण घरात पुस्तके, चर्चा, फिरणे सारे पूर्ववत चालू झाले होते, शेली क्लेअरला घेऊन गावात हिंडत होता. अशा घरात वेगळे सांगावे लागत नाही.

१९ मार्चला तिला स्वप्न पडले. मुलगी मेलेली नव्हती, नुसती गारठली होती. विस्तवाजवळ धरून अंग चोळताच ती जिवंत झाली. मेरी जागी झाली, आणि जवळ मूल नव्हते. या स्वप्नातील उपाय निव्वळ कल्पनेतला नव्हे. बुडालेल्यांना ऊब देऊन, अंग चोळून शुद्धीवर आणण्याचा प्रचार करणारी एक संस्था लंडनमध्ये १७७४ पासून काम करीत होती. खुद्द मेरीच्या आईने १७९५ मध्ये थेम्स नदीत उडी घेतली होती आणि तिला बाहेर काढून वाचविण्यात आले होते. तेव्हा मेलेले माणूस उबेने परत येते, हे त्या मुलीच्या दृष्टीने घरातच घडलेले होते.

आपल्याकडेही दात न आलेल्या मुलाला अग्नी देत नाहीत, पुरतात. सुतकही थोडके धरतात. ‘वय आहे, होईल पुन्हा’, असे आयाबाया समजावतात. त्यात माया असते हे खरे. परंतु आजचे मानसशास्त्र वेगळे सांगते. पोटातले वा नुकते जन्मलेले मूल गेल्याचे दुःख हे पुरते दुःख असते. लगेच पुन्हा दिवस राहिल्याने ते मिटत नाही, उलट पुढचे गरोदरपण धास्तीत जाते. मेरीलाही दोन महिन्यांच्या आत पुन्हा दिवस राहिले. २४ जानेवारी १८१६ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव विल्यम ठेवले.

त्या वर्षीचा उन्हाळा जिनीव्हाच्या सरोवराकाठी, बायरनच्या शेजारी गेला. आदल्या वर्षी तांबोरा ज्वालामुखी फुटल्याने यूरोपभर हवा बिघडली होती, पाऊस खळत नव्हता. प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहावी असे ठरले आणि त्यातून ‘फ्रँकेन्स्टाईन’ जन्मले, ही कथा सर्वश्रुत आहे. ती येथे लांबवीत नाही. त्या गोष्टीत काय आहे ते पाहावे. एक माणूस निर्जीव देहात प्राण आणतो, आणि तो प्राणी डोळे उघडताच भिऊन पळून जातो. टाकून दिलेले ते अनाम लेकरू माया शोधीत हिंडते, ती न मिळाल्याने खुनी बनते. त्याचा पहिला बळी एक लहान मुलगा असून त्याचे नाव विल्यम आहे. ही पाने लिहिली जात होती तेव्हा मेरीचा स्वतःचा विल्यम वर्षाचाही झाला नव्हता. एलन मोअर्स या अमेरिकन विदुषीने १९७६ च्या आपल्या ग्रंथात ही कादंबरी बाळंतपणाच्या भयातून निपजली असे मांडले. तोपर्यंत पुरुष समीक्षकांना त्यात विज्ञान दिसले, प्रॉमिथ्यूस दिसला, पाळणा दिसला नाही. सारी कादंबरी त्या एका दुःखाची संतती आहे असे म्हणणे मला अतिरेकाचे वाटते, कारण मेरीचे वाचन दांडगे होते आणि विजेच्या प्रयोगांची चर्चा त्या घरात नित्य चाले. पण ज्या मनाने ते स्वप्न पाहिले, त्याच मनाने ही कथा रचली, एवढे निश्चित.

१८१६ च्या ऑक्टोबरात सावत्र बहीण फॅनीने विष घेतले. डिसेंबरात हॅरिएटचा देह तळ्यात सापडला. तीही गरोदर होती. त्याच महिन्याच्या ३० तारखेला शेली आणि मेरी यांचे लग्न लागले. सप्टेंबर १८१७ मध्ये क्लारा जन्मली. १ जानेवारी १८१८ रोजी कादंबरी निघाली. प्रती ५००, लेखिकेचे नाव नाही. पुष्कळांना ती शेलीचीच वाटली.

त्यानंतर इटली. ऑगस्ट १८१८ मध्ये क्लेअरच्या एका कामासाठी शेली व्हेनिसला गेला आणि मेरीला तातडीने एस्टे येथे येण्यास त्याने कळविले. भर उन्हात चार-पाच दिवसांच्या प्रवासात क्लारा आजारी पडली. पुढे डॉक्टरसाठी तिला व्हेनिसला नेले. शेली डॉक्टर शोधावयास गेला असता २४ सप्टेंबरला एका खाणावळीत वर्षाची ती पोर आईच्या मांडीवर गेली. मेरी त्याला काही बोलली नाही. तेच वाईट झाले, असे मला वाटते. बोलली असती, भांडली असती, तर पुढची भिंत कदाचित इतकी उंच झाली नसती.

पुढच्या वर्षी ७ जून १८१९ रोजी रोममध्ये विल्यम हिवतापाने गेला. साडेतीन वर्षांचेही वय नव्हते. शेली रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसून होता. बाप म्हणून तो कठोर नव्हता, हे सांगितले पाहिजे. मुलाला उद्देशून त्याने कविता लिहावयास घेतली, ती पुरी झाली नाही. मेरी आपल्याला सोडून कोठे निघून गेली आहे, अशा अर्थाच्या ओळी त्याने वहीत लिहून ठेवल्या. दुःख दोघांचेही एकच. पण तो ते घेऊन डोंगरावर, समुद्रावर, मित्रांत जाई, आणि ती भिंतीकडे तोंड करून पडे. तिला तो विसराळू वाटे, त्याला ती थंड वाटे. मूल गेल्यावर आईबापांनी एकमेकांच्या जवळ यावे असे आपण धरून चालतो. पुष्कळदा दोघांची पावले वेगवेगळी पडतात आणि अंतर वाढते.

मेरीची रोजनिशी ४ जूनला थांबली, ती ४ ऑगस्टला, शेलीच्या वाढदिवशी, पुन्हा सुरू झाली. इंग्लंडहून पित्याचे पत्र आले. त्यात सांत्वन नव्हते, कानउघाडणी होती. असेच कुढत बसलीस तर तुझ्या माणसांचे प्रेमही आटेल, असा इशारा त्या तत्त्वज्ञाने पोटच्या मुलीला दिला. ती तेव्हा चौथ्यांदा गरोदर होती. त्याच महिन्यांत तिने ‘मथिल्दा’ ही छोटी कादंबरी लिहिली. तिच्या नायिकेची आई बाळंतपणात जाते आणि पित्याचे मुलीवरील प्रेम विकृत वाट धरते. हस्तलिखित तिने वडिलांकडेच पाठविले! गॉडविनने ते छापलेही नाही आणि परतही केले नाही. ते प्रसिद्ध झाले थेट १९५९ साली. १२ नोव्हेंबर १८१९ रोजी फ्लॉरेन्स येथे पर्सी फ्लॉरेन्स जन्मला. हा एकच मुलगा जगला.

१८२२ च्या उन्हाळ्यात लेरिचीजवळ अगदी समुद्राला लागून असलेल्या एका घरात ते राहत होते. मेरी पुन्हा गरोदर होती आणि ते घर तिला पहिल्या दिवसापासून खावयास उठत होते. १६ जूनला गर्भपात झाला. सात तास रक्त वाहत राहिले. ब्रँडी, व्हिनेगर हुंगवून तिची शुद्ध टिकविली. डॉक्टरच्या आधी बर्फ येऊन पोहोचला. बायका तो वापरण्यास कचरत होत्या. शेलीने कोणाचे न ऐकता तिला बर्फात बसविले, आणि रक्त थांबले. तिचा प्राण त्याने वाचविला. पण दोनच दिवसांनी एका मित्राला लिहिताना, आपले मन समजणारे माणूस घरात नाही अशी तक्रारही त्याने केली. अंगात उठण्याचे त्राण नसलेल्या, पाचवे मूल पोटातच गमावलेल्या बाईने कोणाचे मन समजून घ्यावयाचे होते?

१ जुलैला शेली नावेतून निघाला. तिने त्याला दोन-तीनदा मागे बोलावले. ८ जुलैला परतताना वादळात नाव बुडाली.

त्याच्या अस्थी रोममध्ये विल्यमशेजारी ठेवाव्यात अशी तिची इच्छा होती. त्यासाठी मुलाच्या दगडाखाली उकरले, तेव्हा तेथे प्रौढ माणसाचा सांगाडा निघाला. शेलीला वेगळी जागा द्यावी लागली. विल्यम त्या स्मशानात नेमका कोठे आहे, ते कळलेच नाही.

मेरी १८२३ मध्ये इंग्लंडला परतली आणि लेखणीवर मुलाला वाढविले. ‘द लास्ट मॅन’ १८२६ मध्ये आली. साथीत सारी मानवजात नष्ट होऊन एकटा उरलेला माणूस हा तिचा विषय. नवऱ्याच्या कवितांचे संपादन केले, त्याच्या वह्यांत तिच्या थंडपणाविषयीच्या ओळी वाचल्या, आणि ‘द चॉइस’ या कवितेत स्वतःलाच दोष दिला. १ फेब्रुवारी १८५१ रोजी, त्रेपन्नाव्या वर्षी ती लंडनमध्ये गेली. बोर्नमथ येथे तिला पुरले, आणि ज्यांच्या थडग्याशी ती लहानपणी बसत असे त्या आईच्या अस्थी, वडिलांच्या अस्थींसह, तेथे आणून तिच्याजवळ ठेवल्या.

वर्षश्राद्धाच्या दिवशी मुलाने आणि सुनेने तिची लिहिण्याची पेटी उघडली. आत नवरा-बायकोची सामाईक वही होती, शेलीची ‘अ‍ॅडोनेस’ ही कविता होती, तिच्या एका पानात रेशमी पुडी गुंडाळून त्याच्या हृदयाचे अवशेष ठेवलेले होते. आणि गेलेल्या मुलांच्या केसांच्या बटा होत्या.