विश्लेषण : मावळातल्या पाखरांना शास्त्रीय नावे देणारे कर्नल साइक्स कोण होते?

पावसाळी शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या वाटेवर गाड्यांच्या रांगा लागलेल्या असतात, तेव्हा कामशेत-मळवलीच्या भातखाचरांत एक मातकट पक्षी बांधावर मान आखडून उभा असतो. उडाला की एकदम पांढराशुभ्र दिसतो. हा ढोकरी, म्हणजे भुरा बगळा. पक्ष्यांच्या पुस्तकात त्याच्या ‘आर्डिओला ग्रेयाय’ या शास्त्रीय नावापुढे ‘साइक्स, 1832’ असे छापलेले असते. झुडपात शेपटी उडवत ओरडणारा राखी वटवट्या, माळावर थव्याने कलकलाट करणारा मोठा राखी सातभाई, सह्याद्रीबाहेर न मिळणारा विगर्सचा सूर्यपक्षी, यांच्या नावांपुढेही हेच साइक्स आणि हेच वर्ष. भारतीय लांडगा आणि भीमाशंकरचा शेकरू यांच्यापुढेही साइक्सच, फक्त वर्ष 1831. दख्खनच्या प्राण्यांची पहिली मोठी शास्त्रीय यादी करणारा हा माणूस पक्षीनिरीक्षक म्हणून आला नव्हता. तो पेशवाई बुडवणाऱ्या फौजेतला अधिकारी होता.

पुण्यात कसे आले?

विल्यम हेन्री साइक्स यांचा जन्म 1790 चा. 1803 मध्ये, म्हणजे वयाच्या 13 व्या वर्षी, त्यांची ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत नेमणूक झाली. 1805 च्या भरतपूरच्या वेढ्यात ते होते. त्यानंतर त्यांनी इथल्या भाषा शिकून घेतल्या, आणि पुढे बंदुकीपेक्षा त्याच जास्त कामी आल्या. नोव्हेंबर 1817 मध्ये खडकीची लढाई झाली, पाठोपाठ पुणे पडले. या दोन्ही लढायांत आणि नंतरच्या किल्ल्यांच्या मोहिमेत साइक्स लढले. डोंगरी किल्ले, घाटवाटा, खिंडी यांची पहिली ओळख त्यांना अशी झाली.

लढाई संपल्यावर ते काही वर्षे युरोपात फिरून आले. 1824 मध्ये परतले, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांना ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’ नेमले. नव्याने हाती आलेल्या मुलखात माणसे किती, जमीन कशी, पिके कोणती, पाऊस किती, हे मोजायचे काम. त्यामागचा हेतू अर्थातच महसूल हा होता. पण साइक्स मोजायला लागले की थांबत नसत. गावची जमीनधारणा, बाजारभाव, हवेचा दाब, जुन्नरच्या लेण्यांतले शिलालेख, सगळ्यांची टिपणे त्यांनी केली. भर पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर दिसणारे गोल इंद्रधनुष्य, ज्याला आज ट्रेकर ‘इंद्रवज्र’ म्हणतात, त्याचे वर्णनही त्यांच्या 1835 मध्ये छापलेल्या हवामानविषयक निबंधात आहे. या मोजणीच्या वहीतच प्राणी आले.

डिसेंबर 1829 मध्ये सरकारने हे खाते बंद केले. साइक्स यांनी मात्र काम पुरे करण्याची परवानगी मागितली आणि जानेवारी 1831 मध्ये ते संपवूनच बोट पकडली. लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे 1831 आणि 1832 मध्ये त्यांनी दख्खनच्या सस्तन प्राण्यांची आणि पक्ष्यांची यादी मांडली. त्यातले 50 हून अधिक पक्षी शास्त्राला नवे होते.

नोंद कशी करत?

आज कोणी जंगलात करू लागला तर थेट तुरुंगात जाईल, अशा पद्धतीने. पक्षी दिसला की गोळी घालायची, कातडे सोलून जपायचे, नर-मादीची मापे घ्यायची, पोट फाडून आत काय आहे ते लिहायचे. त्या काळात दुर्बीण हे पक्षी ओळखायचे साधन नव्हते, हातात पक्षी नसेल तर लंडनमध्ये कोणी विश्वास ठेवत नसे. पण साइक्स यांची यादी नुसत्या कातड्यांची नाही. कोणता प्राणी उघड्या माळावर, कोणता घाटाच्या दाट रानात, काय खातो, इथले लोक त्याला काय म्हणतात, हेही त्यांनी लिहिले. हे शेवटचे सांगायला गावकरी, कोळी, शिकारी लागतात. त्यांची नावे मात्र यादीत नाहीत. नावे मिळाली ती साहेबांना. शेकरूला एल्फिन्स्टन यांचे, सातभाईला पुढचे गव्हर्नर जॉन माल्कम यांचे, सूर्यपक्ष्याला झूलॉजिकल सोसायटीचे सचिव निकोलस विगर्स यांचे, बगळ्याला ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रे यांचे.

तरी मराठी मुलूख त्या नावांत डोकावतोच. रानकुत्र्याला साइक्स यांनी ‘दुखुनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा, म्हटले आणि ‘कोळसून’ हे लोकांचे नाव शेजारी लिहिले. खोकडाला तर ‘कोक्री’ हेच शास्त्रीय नाव दिले होते. त्या प्राण्याचे आधीच बारसे झाल्याचे नंतर लक्षात आले आणि ते मागे पडले. एका चंडोलाला ‘देवा’ आणि हिवाळी पाहुण्या वटवट्याला ‘रामा’ ही नावे आजही चालू आहेत.

आणि मुंग्या?

साइक्स यांचे आज सर्वांत वाचनीय वाटणारे काम बंदुकीविना झालेले आहे. पुण्यातल्या घरी जेवणानंतरचे गोड पदार्थ एका मेजावर ठेवलेले असत. मुंग्या चढू नयेत म्हणून मेजाचे पाय पाण्याच्या भांड्यांत, आणि मेज भिंतीपासून थोडे लांब. तरी मुंग्या मिठाईवर हजर. साइक्स बसून पाहत राहिले. मुंग्या भिंतीवर मेजापेक्षा उंच चढत आणि तिथून खाली अंग टाकत. काही मेजावर पडत, काही जमिनीवर.

दुसरी नोंद 1829 च्या पावसाळ्यातली. पुण्याच्या परेड मैदानाजवळ सकाळी फिरताना त्यांना गवताच्या बियांचे मूठमूठभर ढीग दिसले. शेकडो मुंग्या बिळातून बी वर आणत होत्या. पावसात साठा भिजला असावा आणि ऊन पडताच त्यांनी तो वाळत घातला असावा, असा अंदाज त्यांनी बांधला. वाळवण घालणाऱ्या या मुंगीला त्यांनी पुढचे पाहणारी या अर्थाचे ‘प्रोव्हिडेन्स’ नाव दिले. मुंग्या बी साठवतात ही त्या काळच्या युरोपात दंतकथा मानली जात होती. पुण्याच्या मैदानावरची ही नोंद पुढे अनेक शास्त्रज्ञांनी आधाराला घेतली. त्यासाठी साइक्स यांना लागले ते फक्त डोळे आणि रिकामी सकाळ.

लोणावळ्याशी संबंध काय?

तो माशामुळे आहे. 1839 मध्ये साइक्स यांचा दख्खनच्या माशांवरील निबंध छापून आला. त्यात पुण्याच्या पूर्वेस सुमारे आठ मैलांवर मुळा-मुठेत मिळालेल्या एका मोठ्या खवल्यांच्या माशाचे वर्णन आहे. नाव दिले ‘खुद्री’. हाच दख्खनचा महसीर, कुठे कुठे देवमासा. कोलुस, रोहटी अशी कोळ्यांच्या तोंडची वाटणारी आणखी नावेही त्याच निबंधातून शास्त्रात गेली. मावळातून वाहणाऱ्या इंद्रायणीत, देहूच्या डोहात, मासे न मारण्याची जुनी रीत आहे.

महसीर अंडी घालायला पावसाळ्यात प्रवाहाच्या उलट वर चढतो. नद्यांवर धरणे झाली आणि ही वाट बंद झाली. सुरुंग लावून मासे मारणे, वाळूउपसा, सांडपाणी यांनी उरलेले काम केले. 1970 च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्यात वळवण तलावाच्या काठी महसीरचे कृत्रिम प्रजनन सुरू केले. राज्याचे माजी मत्स्यसंचालक चं. वि. कुलकर्णी यांचे त्यात मोठे काम होते. इथली पिल्ले देशभरातल्या तलावांत आणि नद्यांत सोडली गेली. धोक्यातला म्हणून नोंदलेला हा मासा आंतरराष्ट्रीय लाल यादीत आता कमी चिंतेच्या गटात आहे. एवढ्यावर थांबले तर गोष्ट गोड आहे.

पण लोणावळ्याचा खुद्री दक्षिणेत कावेरीतही सोडला गेला. कावेरीचा स्वतःचा महसीर होता, पाठीवर कुबड असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक. खुद्री तिथे फोफावला आणि कुबडवाला घटत गेला. ज्या माशासाठी परदेशी गळवाले कावेरीवर येत, त्याची नेमकी शास्त्रीय ओळख 2018 मध्ये पटली, आणि ‘टोर रेमादेवी’ हे नाव लागेपर्यंत तो अतिसंकटग्रस्त झालेला होता. मुळा-मुठेत जो मासा आपला, तोच कावेरीत उपरा. कोणता प्राणी मूळचा कुठला, हे लिहून ठेवणारी साइक्स यांच्यासारखी जुनी यादी इथे कामाला येते. तलावात, झऱ्यात हौसेने मासे किंवा घरचे कासव सोडून पुण्य मिळवणाऱ्या पर्यटकांनाही हा हिशेब लागू आहे.

आजच्या पर्यटकाने काय पाहावे, काय टाळावे?

साइक्स यांचा मृत्यू 1872 चा, आपला वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. मधल्या 100 वर्षांत शिकार या शब्दाचा अर्थच बदलला. कायद्याने संरक्षित प्राण्याला मारणे तर सोडाच, पकडणे, हाकणे, आमिष दाखवून बोलावणे आणि अंडी किंवा घरटी बिघडवणे हीसुद्धा शिकारच ठरते. खंडाळ्याच्या घाटात गाडीच्या काचेतून माकडांपुढे वेफर्स धरणाऱ्यांच्या डोक्यात हे नसते. खाऊची सवय लागलेले माकड रस्त्यावर येते आणि गाडीखाली जाते, नाहीतर पुढच्या गाडीतल्या मुलाच्या हातावर झडप घालते.

बंदुकीची जागा आता फोनने घेतली आहे, आणि फोन वाटतो तितका निरुपद्रवी नाही. वीण चालू असताना अॅपवरून पक्ष्याचा आवाज वाजवला की नर आपल्या हद्दीत दुसरा घुसला असे समजून घरटे सोडून धावत येतो. फोटो मिळतो, तोवर अंडी उघडी पडतात. मे-जूनमध्ये राजमाचीला काजवे पाहायला जाणाऱ्यांच्या बॅटऱ्या आणि फ्लॅश यांचेही तसेच. काजव्याचा उजेड ही जोडीदाराला घातलेली साद असते, पांढऱ्या झोतात ती दिसत नाही. तिथे दिवा विझवून दहा मिनिटे बसले की डोळे सरावतात आणि झाडेच्या झाडे लुकलुकताना दिसतात.

शेकरूसाठी मावळच्या उत्तरेला भीमाशंकर अभयारण्य आहे. ते 1985 मध्ये मुख्यतः त्याच्यासाठीच घोषित झाले, आणि शेकरू आज राज्यप्राणी आहे. तो सहसा जमिनीवर उतरत नाही, फांदीवरून फांदीवर जातो. म्हणून वाटेसाठी तोडलेले एकच झाडसुद्धा त्याचा रस्ता तोडते. सकाळी आणि उन्हे उतरताना तो जास्त हालचाल करतो. झाडाखाली गलका करण्यापेक्षा थोडे दूर थांबावे, एका शेकरूची अनेक घरटी असतात, ती मोजावीत. गावातला वाटाड्या बरोबर घेतला तर फळाला आलेले झाड तो नेमके दाखवतो. साइक्स यांना माहिती देणाऱ्यांची नावे कुठे लागली नाहीत, आजच्या वाटाड्याला निदान पैसे आणि नोंदीत नाव मिळू शकते. मात्र घरट्याचे नेमके ठिकाण फोटोसोबत टाकू नये. पुढच्या रविवारी तिथे पन्नास जण उभे राहतात.

पुढे साइक्स यांचे काय झाले?

ते पुन्हा दख्खनचे निसर्गवेत्ते झाले नाहीत. 1833 मध्ये कर्नल म्हणून निवृत्त झाले, 1834 मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो. ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक आणि 1856 मध्ये अध्यक्ष. 1857 पासून मृत्यूपर्यंत अॅबरडीनचे खासदार. चीनशी चालणाऱ्या अफूच्या व्यापाराला त्यांनी विरोध केला, हे कंपनीच्या माणसाकडून अपेक्षित नव्हते. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या स्थापनेत आणि पुढे अध्यक्षपदीही ते होते. मोजण्याची सवय गेली नाही.

16 जून 1872 रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी नोंदलेला भारतीय लांडगा आज पुण्याच्या पूर्वेकडच्या सासवड, बारामती, इंदापूरच्या माळांवर तग धरून आहे. विगर्सचा सूर्यपक्षी लोणावळा-खंडाळ्याच्या रानात अजून भेटतो. खुद्री वळवणच्या टाक्यांत वाढतो. साइक्स यांना तो जिथे मिळाला, त्या पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेत आता शहराचे सांडपाणी वाहते.