डॉक्टर जेम्स लिंड

अठराव्या शतकांत युरोपांतून दूर देशीं जाणाऱ्या खलाशांना शत्रूच्या तोफांपेक्षां आणि वादळांपेक्षांहि एका रोगाचें भय अधिक वाटे. त्या रोगाचें नांव स्कर्व्ही. किनारा सोडून दोन-तीन महिने झाले, कीं धडधाकट माणसें थकूं लागत. हिरड्या सुजून त्यांतून रक्त येई, दांत हलूं लागत, अंगावर काळेनिळे डाग उठत, जुन्या भरलेल्या जखमाहि पुन्हां उघडत, आणि अखेरीस मृत्यु येई. १७४० सालीं इंग्रज आरमाराचे अधिकारी जॉर्ज ॲन्सन हे सुमारें १९०० माणसें घेऊन पॅसिफिक महासागराकडे निघाले. पृथ्वीप्रदक्षिणा करून १७४४ मध्यें ते परतले, तोंवर त्यांपैकीं १३०० हून अधिक माणसें मरण पावलीं होतीं. आणि त्यांतील बहुतेकांचा बळी या एका रोगानें घेतला होता. या रोगावरील औषध पारखण्याची खरी रीत ज्यांनीं दाखविली, त्या सत्पुरुषाचें चरित्र येथें थोडक्यांत दिलें आहे.

जेम्स लिंड यांचा जन्म ४ ऑक्टोबर १७१६ रोजीं स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरीं झाला. वयाच्या पंधराव्या वर्षीं ते तेथील एका शस्त्रवैद्यापाशीं उमेदवारी करूं लागले. १७३९ मध्यें ते आरमारांत शस्त्रवैद्याचे मदतनीस म्हणून दाखल झाले, आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा, वेस्ट इंडीज वगैरे ठिकाणीं त्यांनीं नोकरी केली. पुढें ‘सॉल्सबरी’ नांवाच्या लढाऊ जहाजावर त्यांना शस्त्रवैद्याची जागा मिळाली.

त्या काळीं स्कर्व्हीवर उपायांची वाण नव्हती. प्रत्येक वैद्य आपल्याच औषधाची थोरवी गाई. परंतु एक औषध दुसऱ्याशेजारीं ठेवून पारखण्याची तसदी सहसा कोणी घेत नसे. लिंड यांनीं ती घेतली. २० मे १७४७ रोजीं त्यांनीं जहाजावरील १२ रोगी निवडले. सर्वांचीं लक्षणें शक्य तितकीं सारखीं होतीं. सर्वांना एकाच जागीं ठेवलें व एकच अन्न दिलें. मग दोघां-दोघांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीस सफरचंदाचें मद्य, दुसरीस सौम्य केलेल्या गंधकाम्लाचे थेंब, तिसरीस शिरका, चौथीस समुद्राचें पाणी, पांचवीस रोज दोन संत्रीं व एक लिंबू, आणि सहावीस लसूण, मोहरी इत्यादींचें चाटण, अशी योजना केली. बाकी सारें सारखें असल्यामुळें, गुणांत जो फरक पडेल तो औषधाचाच, हें उघड होतें.

फळें सहा दिवसांतच संपलीं. पण तेवढ्यांत निकाल लागला. संत्रीं-लिंबू खाणाऱ्या दोघांपैकीं एक सहाव्या दिवशीं कामावर रुजू होण्याजोगा झाला, आणि दुसरा इतका सुधारला कीं इतर रोग्यांची शुश्रूषा त्याच्यावर सोंपविण्यांत आली. सफरचंदाच्या मद्यानें थोडा उतार पडला. इतर उपायांनीं म्हणण्यासारखा गुण आला नाहीं.

१७४८ मध्यें आरमार सोडून लिंड यांनीं एडिंबरोस वैद्यकाची पदवी घेतली, आणि १७५३ मध्यें स्कर्व्हीवरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आतां खलाशांचे हाल संपले असतील, असें वाचकांस वाटेल. तसें झालें नाहीं. चारशेंहून अधिक पानांच्या त्या ग्रंथांत या प्रयोगास थोडींच पानें मिळालीं होतीं. दमट हवा वगैरे अनेक कारणांनीं रोग होतो, हें मत लिंड यांनीं सोडलें नव्हतें. शिवाय ताजीं फळें लांबच्या सफरींत टिकत नाहींत, म्हणून रस आटवून त्याचा पाक न्यावा, असें त्यांनीं सुचविलें. उष्णतेनें रसांतील गुणच बव्हंशीं नाहींसा होतो, हें त्यांस कळलें नाहीं. कारण तो पाक त्यांनीं ताज्या फळांशेजारीं ठेवून तितक्याच कसोशीनें पारखला नाहीं.

१७५८ पासून १७८३ पर्यंत ते पोर्टस्मथजवळील हॅस्लर येथील आरमारी रुग्णालयाचे मुख्य वैद्य होते. खलाशांची स्वच्छता व कपडे यांविषयीं त्यांनीं फार आग्रह धरला, आणि समुद्राच्या पाण्याची वाफ धरून पिण्याजोगें पाणी करतां येतें, हेंहि सांगितलें. १३ जुलै १७९४ रोजीं त्यांचें देहावसान झालें. दुसऱ्याच वर्षीं, डॉक्टर गिल्बर्ट ब्लेन यांच्या खटपटीनें, आरमारांतील खलाशांना लिंबाचा रस देण्याचा हुकूम निघाला, आणि थोड्याच वर्षांत हा रोग इंग्रज आरमारांतून जवळजवळ हद्दपार झाला. परंतु प्रयोगापासून हुकुमापर्यंत ४८ वर्षें लोटलीं होतीं. तेवढ्या अवधींत हजारों खलाशी नाहक मेले. रोगाचें मूळ कारण, म्हणजे अन्नांतील ‘क’ जीवनसत्त्वाचा अभाव, हें तर १९३२ सालीं पक्कें ठरलें. आपल्याकडील आवळा, पेरू व लिंबू यांत तें सत्त्व विपुल आहे.

आज नवें औषध पारखतांना रोग्यांचे सारखे गट करून तुलना करितात, ती याच मार्गानें. आणि २० मे हा दिवस त्या प्रयोगाच्या स्मरणार्थ अनेक देशांत पाळला जातो. मित्रहो, अमुक औषधानें अमक्यास गुण आला, असें कोणी सांगितलें तर, तें न घेणाऱ्याचें काय झालें, हें अवश्य विचारावें. आणि जी कसोटी दुसऱ्याच्या मतास लावावयाची, तीच आपल्या आवडत्या मतासहि लावावी. लिंड यांच्या यशापासून पहिला धडा मिळतो, आणि त्यांच्या उणिवेपासून दुसरा.