मुक्तिसदनातील पाहुण्या

पंडिता रमाबाईंचा जन्म सन १८५८ चा. सन १८८३ त वैद्यकी शिकावयास त्या विलायतेस गेल्या. परंतु कानांनी ऐकू येईनासे झाल्यामुळे तो मार्ग खुंटला. पुढे केडगावी मुक्तिसदन उभारले. सन १९०० च्या दुष्काळानंतर तेथे सुमारे २,००० स्त्रिया व मुली होत्या. त्यांत कित्येक अंध. परदेशांतून साहाय्य करावयास भगिनी येत. अमेरिकेच्या मिनी एब्रम्सबाई सन १८९८ तच आल्या होत्या. एवढ्या मोठ्या घरात पाहुणीने नुसते बसून कसे चालेल! मात्र अंध मुलींस बोटांनी वाचावयास शिकविले ते बाईंच्याच कन्येने. मनोरमाबाई ब्रेल लिपी अमेरिकेत शिकून आल्या होत्या. काही घरी पाहुणे आले म्हणजे अंध भावंडास मागे बसविण्यात येते. केडगावी त्यांची शाळाच होती. मनोरमाबाई सन १९२१ त व रमाबाई ता. ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूकडे गेल्या.