डॉ. भाभांचे गणकयंत्र

डॉ. होमी भाभा म्हटले की आपल्याला अणुभट्टी आठवते. मला मात्र त्यांच्या संस्थेतले गणकयंत्र अधिक आठवते. भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईचा. शिक्षण केंब्रिजला. चित्रेही ते उत्तम काढीत, हे आपल्या कलाशाखेने विसरू नये!

१९४५ साली त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली. तेथील तरुणांनी बांधलेले गणकयंत्र १९६० मध्ये चालू झाले. १९६२ त पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. पण त्याच्या स्मृतीत २०४८ संख्याच मावत. काम वाढले, यंत्र अपुरे पडू लागले. १९६४ त अमेरिकेहून सीडीसी ३६०० हे बलाढ्य यंत्र कुलाब्यास आले. असले यंत्र प्रत्येक विद्यापीठाला कोठून परवडणार? संस्थेपुरते ते ठेवले असते तरी कोणी बोल लावला नसता. पण तेथे राष्ट्रीय गणनकेंद्र झाले आणि बाहेरच्या संशोधकांची छिद्रित कार्डेही त्या यंत्रात जाऊ लागली. अणुभट्टीइतकेच हेही काम मला मोठे वाटते.

२४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला जाताना माँ ब्लांवर विमान कोसळून भाभा गेले. यंत्र त्यानंतरही कित्येक वर्षे परक्यांची गणिते सोडवीत होते.