फिरत्या पंखांचा शोधक

जत्रेतून आणलेले भिरभिरे हातात धरून धावत सुटावे, म्हणजे ते आपोआप गरगर फिरू लागते. त्याला किल्ली द्यावी लागत नाही, की दोरी ओढावी लागत नाही. केवळ वाऱ्याच्या जोरावर त्याची पाती फिरतात. मुलांच्या करमणुकीचा हा साधा खेळ. परंतु वाऱ्याने फिरणाऱ्या अशाच पात्यांच्या आधाराने माणसाला आकाशात सुखरूप नेता येईल, असे एका तरुण अभियंत्याच्या मनाने घेतले आणि त्या एका कल्पनेपायी त्याने आपले आयुष्य वेचले. त्याचे नाव हुआन दे ला सिएर्वा.

हुआनचा जन्म २१ सप्टेंबर १८९५ रोजी स्पेन देशातील मुर्सिया या शहरी झाला. त्याचे वडील नामांकित राजकारणी असून त्यांनी मंत्रिपदही भूषविले होते. हुआन आठ वर्षांचा असताना अमेरिकेत राइट बंधूंनी आपले पहिले विमान उडविले. ती वार्ता जगभर पसरली आणि पुढे मुलामुलांत विमानांच्या गोष्टींना ऊत आला. हुआनला मात्र नुसत्या गोष्टींनी समाधान वाटेना. माद्रिद शहरात बार्काला आणि दियास नावाचे त्याचे दोन मित्र होते. दियासच्या वडिलांचा सुतारकामाचा कारखाना होता. तिघांनी मिळून प्रथम एंजिनावाचून तरंगणारी याने केली. पुढे एका फ्रेंच वैमानिकाचे मोडके विमान त्यांना मिळाले. त्याचे एंजिन घेऊन त्यांनी १९१२ साली स्वतःचे विमान बांधले. त्या लाल रंगाच्या विमानाला लोक खेकडा म्हणू लागले. हा खेकडा खरोखरच उडाला! त्या वेळी हुआन अवघा सोळा वर्षांचा होता.

पुढे रस्ते, कालवे व बंदरे बांधण्याची विद्या शिकून सिएर्वा अभियंता झाला; पण त्याचे चित्त आकाशातच गुंतले होते. १९१९ साली त्याने सैन्यासाठी तीन एंजिनांचे एक मोठे विमान तयार केले. चाचणीच्या वेळी वैमानिकाने ते जमिनीजवळून वळविले, तोच त्याचा वेग कमी झाला आणि विमान खाली कोसळले. वैमानिक वाचला, विमानाचा मात्र चुराडा झाला.

दुसरा कोणी असता तर त्याने वैमानिकाला दोष देऊन नवे विमान बांधावयास घेतले असते. सिएर्वा निराळ्याच विचारात पडला. विमानाचे पंख स्थिर असतात. त्यांवरून हवा वेगाने वाहत असेल तोवरच ते विमानाला उचलून धरतात. वेग एका मर्यादेखाली गेला, की त्यांचा आधार तुटतो. मग विमान मंद चालले तरी त्याचे पंख वेगाने फिरत राहतील अशी काही योजना करता येणार नाही काय? हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना.

त्यातूनच एक नवी रचना त्याला सुचली. नेहमीच्या विमानाप्रमाणे पुढे एंजिनाचा पंखा ठेवावयाचा, परंतु वैमानिकाच्या डोक्यावर लांब पाती बसवावयाची. ही पाती एंजिनाने फिरवावयाची नाहीत. यान पुढे जाऊ लागले, की भिरभिऱ्याप्रमाणे वाऱ्यानेच ती फिरतील आणि यानाला वर उचलतील. एंजिन बंद पडले तरीही भय नाही. कारण यान खाली येताना खालून लागणारी हवा पात्यांना फिरवीत ठेवील आणि ते हळूहळू उतरेल. या यानाला त्याने ऑटोजायरो असे नाव दिले.

कल्पना सुंदर होती. पण १९२० सालापासून बांधलेली पहिली तिन्ही याने अपयशी ठरली. एका बाजूला कलंडण्याची खोड काही केल्या जाईना. त्याचे कारण असे : यान पुढे जात असता एका बाजूचे पाते वाऱ्याला सामोरे जाते, तर दुसऱ्या बाजूचे वाऱ्याबरोबर मागे जाते. सामोऱ्या जाणाऱ्या पात्याला वारा अधिक लागतो, म्हणून ती बाजू वर उचलली जाते आणि यान उलटते. मात्र सिएर्वाने केलेली एक लहान प्रतिकृती उत्तम उडत असे. असे का व्हावे? प्रतिकृतीची पाती वेताच्या लवचीक कांबींची होती. मोठ्या यानाची पाती ताठ होती. वेत लवत होता, म्हणूनच ती प्रतिकृती तोल सांभाळीत होती!

रहस्य उमगताच सिएर्वाने प्रत्येक पात्याच्या मुळाशी एक बिजागरी बसविली. आता अधिक जोर मिळालेले पाते वर उचलले जाई आणि तसे होताना त्याचा जोर कमी होई. दुसरे पाते खाली येई आणि त्याचा जोर वाढे. दोन्ही बाजूंचा तोल साधला गेला. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळील गेताफे येथे गोमेस स्पेन्सर या वैमानिकाने हे यान उडविले. काही दिवसांतच उड्डाणाच्या वेळी त्याचे एंजिन हवेत बंद पडले. तरीही यान सावकाश खाली उतरले आणि वैमानिकाला इजा झाली नाही. त्याच महिन्यात क्वात्रो व्हिएंतोस येथे त्याने ४ किलोमीटरची फेरी पूर्ण केली.

तरीही अडचणी संपल्या नव्हत्या. बिजागरीमुळे पाती वर-खाली हलत. परंतु पुढे-मागे बसणारे हिसके त्यांच्या मुळांना सोसावे लागत. १९२७ साली इंग्लंडमध्ये एक पाते हवेतच निखळले आणि वैमानिक जखमी झाला. सिएर्वाने आपल्या रचनेतील ही उणीव ओळखून पात्यांना दुसरी बिजागरी दिली. त्याच वर्षी तो स्वतः विमान चालविण्यास शिकला. १८ सप्टेंबर १९२८ रोजी त्याने एका प्रवाशाला बरोबर घेऊन ऑटोजायरोतून इंग्लिश खाडी ओलांडली आणि लंडनहून पॅरिस गाठले. फिरत्या पंखांच्या यानाने ती खाडी प्रथमच पार केली होती.

९ डिसेंबर १९३६ रोजी लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून तो ॲम्स्टरडॅमला जाण्यासाठी निघाला. त्या दिवशी दाट धुके पडले होते. तो बसला होता ते प्रवासी विमान नेहमीच्या स्थिर पंखांचे होते. उड्डाणानंतर ते पुरेसे वर चढू शकले नाही व जवळच्या घरांवर आदळले. त्या अपघातात सिएर्वाला मृत्यू आला. त्या वेळी तो ४१ वर्षांचा होता.

त्याचे कार्य मात्र त्याच्याबरोबर संपले नाही. हेलिकॉप्टरची पाती एंजिनाने फिरविली जातात; पण त्यांचा तोल कसा राखावा, हे ज्ञान हेलिकॉप्टर बांधणाऱ्यांना सिएर्वाच्या प्रयोगांतून मिळाले. पुढे १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत इगोर बेन्सन या अभियंत्याने एका माणसापुरते लहान यान तयार केले आणि त्याचे आराखडे इतरांना उपलब्ध करून दिले. ते पाहून हौशी लोक आपल्या घरीच अशी याने बांधू लागले. त्या लहान यानांतही वाऱ्याने फिरणारी पाती आहेत आणि त्यांना तोल सावरण्यापुरती मोकळीक ठेवलेली आहे. ताठ पाते यान उलटविते, लवणारे पाते ते सावरते. वेताच्या काही कांबींनी सिएर्वाला शिकविलेला हा धडा आजही आकाशात माणसांचे प्राण राखीत आहे.